उत्पन्नाचा रकाना

खेड्यातला माणूस उत्पन्न विचारलं की खोटं सांगतो, असं माझं ठाम मत होतं. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे या मताला आकड्यांचा आधारही सहज सापडे. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1960 च्या दशकात घरोघरी उत्पन्न विचारून पाहिलं, तर ते खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं. तो प्रयोग पुढे चालला नाही. आपल्याकडे दारिद्र्याचा हिशेब होतो तोही खर्चावरूनच. वर्गात मी हे रंगवून सांगायचो. वर पिवळ्या शिधापत्रिकेची पंधरा हजारांची अट आणि तीत बरोब्बर बसणारे दाखले, यांवर एखादा विनोद करायचो. पोरं हसायची. त्यांतली बरीचशी तहसीलच्या अशाच दाखल्यावर शिष्यवृत्ती घेत होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

माझा भरवसा होता तो दरडोई जिल्हा उत्पन्नावर. राज्याच्या आर्थिक पाहणीत तो आकडा छापून येतो. त्याला पाचने गुणलं की झालं कुटुंबाचं उत्पन्न. पण हा आकडा कुणाच्या घरात जाऊन विचारलेला नसतो. जिल्ह्यात किती मूल्याचं उत्पादन झालं याचा अंदाज बांधून त्याला लोकसंख्येने भागतात. खामगाव-मलकापूरच्या व्यापाऱ्याचा नफा आणि संग्रामपूर तालुक्यातल्या आदिवासी गावची मजुरी एकाच भागाकारात जाते. सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या घरात किती पैसा येतो, म्हणजे मध्यक किती, हे त्यातून कळतच नाही. मी ते शिकवतही होतो. सोपं पडतं म्हणून सरासरीवर भागवत होतो, एवढंच.

मग मेहकर तालुक्यातल्या एका गावात विद्यार्थ्यांबरोबर पाहणीला गेलो. 2024 चं सोयाबीन विकून झालं होतं. एका घरचा फॉर्म मीच भरायला घेतला आणि मावशींना वार्षिक उत्पन्न विचारलं.

‘‘खर्च काढून सांगू का तसंच?’’ त्यांनी विचारलं.

दोन्ही सांगा म्हटलं. त्यांनी फडताळातून प्लास्टिकची पिशवी काढली. अठरा क्विंटलची हिशेबपट्टी, भाव चार हजार. त्या हंगामाचा हमीभाव होता 4,892. पट्टी झाली 72,000 ची. त्यातून बियाणं, कृषी केंद्राची उधारी, फवारणी, सोंगणी, मळणी, हमाली गेली आणि उरले 27,000. मी तेवढे लिहिणार तोच त्या म्हणाल्या, ‘‘घरी खायाले तूर ठेवली ते धरता का? अन् पोरगं पुन्याले हाय, त्याचं?’’

माझा पेन थांबला. जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना कुटुंब मानते. मुलगा या चुलीवर जेवत नाही. पण तो दरमहा धाडतो ते तीन हजार याच चुलीला लागतात. शिवाय मावशींची निंदणाची, वेचणीची मजुरी, लाडकी बहीणचे दीड हजार. वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली.

बाहत्तर हजार, सत्तावीस हजार, लाखावर. तिन्ही आकडे एकाच घरचे आणि तिन्ही खरे. आधीच्या पाहण्यांत ‘सत्तावीस हजार’ असं उत्तर आलं की मी ते लबाडी म्हणून बाजूला टाकत असे. अशी किती घरं मी खोटी ठरवली असतील? अर्धवट प्रश्न माझा, आणि बट्टा त्यांच्या नावाला. 2018-19 च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाला महिन्याला पिकातून सरासरी 3,798 रुपये आणि मजुरी-पगारातून 4,063 रुपये मिळत होते. हे मी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. तरी शेतकऱ्याच्या दारात उभा राहून विचारत होतो ते पिकाचंच.

उत्पन्न कुणीच लपवत नाही, असं म्हणण्याइतका मी भाबडा झालेलो नाही. दाखल्यासाठी आकडा खाली येतोच. पण पंधरा हजारांची अट घातली की घरं पंधरा हजारांचीच दिसणार. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

वर्षावर्षांची तुलना तर आणखी अवघड. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं, पण तेव्हा बहुतेकांच्या घरी माल नव्हता. नवा माल येईतो भाव उतरला होता. म्हणून एका वर्षावरून जिल्हा सुधारला की खालावला हे सांगणं मी सोडलं आहे. काही वर्षं एकत्र धरतो, शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाने महागाई वजा करतो आणि मध्यक ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असाच सांगतो. अमेरिकेत जनगणना खातं दरवर्षी प्रत्येक काउंटीचं मध्यक उत्पन्न काढतं, कारण घरोघरच्या पाहणीच्या जोडीला प्राप्तिकराची विवरणपत्रंही त्यांच्या हाताशी असतात. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. घरोघरी जाऊन विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

केंद्र सरकारने 2026 साठी घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी जाहीर केली आहे. तुमच्या दारी कुणी फॉर्म घेऊन आलं, तर एक आकडा सांगून त्याची बोळवण करू नका. त्याला बसवून घ्या, आणि पिकाचा खर्च, मजुरी, बाहेरून आलेला पैसा हे सगळं वेगवेगळं लिहायला लावा.