धायरीच्या दगडात खेकडा सापडेल का?

सिंहगड रस्त्याने धायरी फाट्यावर या आणि गावात वळा. २०१७ साली धायरी पुणे महानगरपालिकेत आली. जिकडे तिकडे इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण टेकड्यांच्या उघड्या कडा अजून दिसतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी ओढ्यांमध्ये खेकडे धरायला मुलं जातातच. मग कुणालाही वाटेल, जिवंत खेकडे आहेत, तर दगड झालेला खेकडा, म्हणजे खेकड्याचा जीवाश्म, या टेकडीत मिळायला काय हरकत आहे?

उत्तर दगडालाच विचारू या. इथला दगड काळा आणि चांगलाच जड. हा बसाल्ट, आपला काळा फत्तर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. नैऋत्येला सिंहगडाकडे नीट बघा, त्याच्या अंगावर पायऱ्या पायऱ्या दिसतात. तेच हे थर! स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. हजार अंशांहून जास्त तापलेल्या लाव्ह्यात खेकड्याचं कवच कसं टिकणार?

पण गंमत पुढेच आहे. या दगडात कधी कधी पांढऱ्याशुभ्र फुलासारखं काही तरी चमकतं. "अरे, पोवळं!" असं ओरडावंसं वाटतं. थांबा! लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते. त्यांच्या पोकळीत पुढे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक वाढले. त्यांना झिओलाइट म्हणतात. शंका आली, तर कुणी म्हणेल लिंबाचा रस टाकून बघ, पोवळं चुन्याचं असतं, ते फसफसेल. पण त्याच पोकळीत कॅल्साइटही असतं आणि तेही फसफसतं! म्हणून भिंगातून बघायचं. पोवळ्यात लहान लहान वाट्या असतात आणि वाटीत चाकाच्या आऱ्यांसारखे पातळ पडदे. स्फटिकाला नुसत्या सपाट बाजू आणि टोकं.

मग खेकडे शोधायचे कुठे? जिथे जुना समुद्र होता तिथे. डेन्मार्कमध्ये फाक्से नावाच्या गावी चुनखडकाची मोठी खाण आहे. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. उजेड न पोचणाऱ्या खोल पाण्यात प्रवाळांचे ढिगारे वाढत होते. म्हणजे आपल्या टेकड्या थंड होऊन बसल्यानंतर सुमारे तीस लाख वर्षांनी तिथले खेकडे फांद्यांआड लपत होते! आज त्या खाणीत शाळेतली मुलंसुद्धा हातोडी घेऊन जीवाश्म शोधतात.

सापडतो तो अख्खा खेकडा मात्र क्वचितच. खेकडा वाढताना कवच टाकतो, मेल्यावर पाय गळून पडतात. बहुतेक वेळा हाती लागतं ते पाठीचं कवच, तेही अनेकदा नखाएवढं, नाही तर नांगीचं टोक.

पण खेकडे प्रवाळांतच एवढे का? कारण तिथे लपायला फटी आणि खायला भरपूर. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी युरोपातल्या उबदार, उथळ समुद्रात प्रवाळभित्ती वाढल्या, तसे खेकड्यांचे प्रकारही वाढले. पुढे त्या भित्ती आक्रसल्या, आणि खेकड्यांचे प्रकारही घटले. घर मोडलं की बिऱ्हाडही उठतं! शास्त्रज्ञांना हे समजलं ते या नखाएवढ्या कवचांची मोजदाद करूनच.

ही गोष्ट फार दूरची नाही बरं का. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झालं. समुद्राचं पाणी फार तापलं की उथळ पाण्यातले प्रवाळ पांढरे पडतात, आणि तसंच फार दिवस राहिलं तर मरतात. मग त्यांच्या फटींतले खेकडे आणि मासे कुठे जाणार? म्हणून मालवणला गेलात तर प्रवाळाचा तुकडा तोडू नका, पिशवीत घालून आणू नका. कायद्यानेही त्याला बंदी आहे.

आणि धायरीला आलात तर भिंग न विसरता आणा. खेकडा मिळणार नाही, पण लाव्ह्याच्या बुडबुड्यात फुललेलं स्फटिकाचं फूल कदाचित दिसेल!