राहून गेलेलं पत्र

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचं लग्न इथे ब्रॉसार्डलाच झालं. मंडळातल्या बहुतेकांनी येऊन अक्षता टाकल्या, पंगतीत वाढू लागलात, त्याबद्दल मनापासून आभार. आज लिहायचंय ते मात्र तीन पाहुण्यांबद्दल.

पुणे विद्यापीठात १९७२ ते ७४ या वर्षांत रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला आमचा सहाजणांचा कंपू होता. त्यातले दोघे आम्हीच. (तिथेच जमलं, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे!) दुसरी जोडी नगरला स्थायिक झाली. उरलेल्यांपैकी एक मैत्रीण बडोद्याला, एक मित्र न्यू जर्सीला. लग्नाला नगरहून तो एकटा आला.

ती २००९ मध्ये गेली. आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. फोन करायचा धीर होईना, म्हणून पत्र लिहू म्हटलं. उद्या लिहू, रविवारी लिहू, नाताळच्या सुट्टीत निवांत लिहू. पुढे इतका उशीर झाला की उशिराची क्षमा मागायचीच लाज वाटू लागली. पंधरा वर्षांत एक ओळ गेली नाही. आमंत्रणाच्या पाकिटावर त्याचा पत्ता घालतानासुद्धा हात अडखळला होता.

आल्या दिवशी तिघांना गाव दाखवलं. इथल्या प्रत्येक वस्तीतल्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे पुण्यात वारांच्या पेठा, तुमच्याकडे बाराखडीच्या!" क्वेबेकमध्ये १९८१ पासून लग्नानंतर बाईचं माहेरचं नाव कायद्यानेच कायम राहतं, हे कळल्यावर बडोदेकरीण म्हणाली, "मी मेली घाई केली, आणि तीही चुकीच्या देशात."

रात्री चौघेपाचजण स्वयंपाकघरात बसलो. गणेशखिंडीतला गव्हर्नराचा जुना वाडा, जयकर ग्रंथालय, प्रयोगशाळेतला सडक्या अंड्यांचा वास, सगळं निघालं. २०१४ पासून विद्यापीठ सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने आहे, आमच्या पदव्यांवर अजून 'पूना'च. हसून हसून पुरेवाट झाली. पण सहावीचं नाव कुणीच घेईना. गोष्ट तिच्यापाशी आली की वळसा घालून पुढे जायची.

शेवटी बाकीचे झोपायला गेल्यावर कप विसळता विसळता त्यानेच विषय काढला. "तुमच्या पत्राची वाट पाहिली होती रे मी. बाकी कुणाची नाही, तुम्हा दोघांची."

आम्ही काय बोलणार? सबब नव्हतीच.

कप पुसून ठेवत तो म्हणाला, "आता मला नको. मुलांसाठी लिहा. त्यांना आई माहीत आहे. वर्गातली ती कशी होती, हे मी सांगायला लागलो की माझा आवाज जातो."

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात दिलं. मामा थोडे रुसले, पण असो.

पत्र सुरू केलंय. मायन्यावरच आमचं दोघांचं दोन दिवस अडलं होतं. आता अकरा पानं झालीत, आणि तिने ब्युरेट फोडली तेव्हा भरपाईसाठी सगळ्या वर्गाने वर्गणी काढली, तो किस्सा अजून यायचाय. त्या वर्षांत गणेशखिंडीत असलेल्या कुणाकडे वर्गाचा एखादा फोटो असेल, तर कृपया आम्हाला कळवा. प्रत काढून मूळ फोटो लगेच परत करू.