फटफटी, मुद्रिका आणि शेवटची मेट्रो

एशियाडच्या आधीची दिल्ली पाहिलेल्यांना कॅनॉट प्लेसची फटफटी आठवत असेल. महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली, मागे जोडलेला डबा आणि त्यात कोंबलेली माणसं. जनपथावरच्या हॉटेलांतले वेटर, धोबीखान्यातली पोरं आणि आमच्यासारखे काउंटरवरचे बाबू चांदणी चौकाकडून तिच्यातूनच यायचे.

बाकीच्यांना डीटीसीच्या सरकारी बस. रिंग रोडवरची ‘मुद्रिका’ शहराला वळसा घालायची. मुंबईकरांना तिथल्या कंडक्टरचं भारी नवल. बेस्टचा कंडक्टर टिकटिक करत गर्दीत शिरायचा. दिल्लीचा मागच्या दाराशी ठाण मांडून बसायचा. पैसे हातोहात त्याच्याकडे जायचे, तिकीट आणि सुटे तसेच परत यायचे. मधल्या मधे कुणी चवली दाबल्याचं आठवत नाही.

१९८२ मध्ये एशियाडचे खेळ आले. उड्डाणपूल झाले, स्टेडियम उभं राहिलं, रिंग रेल्वेही सजली. तिची सुमारे ३५ किलोमीटरची प्रदक्षिणा नकाशावर देखणी दिसे. पण तिची बरीच स्थानकं घरापासूनही लांब आणि कामापासूनही. खेळाडूंची ने-आण केलेल्या एसटीच्या निमआराम गाड्या मात्र पुढे दादर-पुणे मार्गावर धावल्या. दिल्लीच्या खेळांचं पुण्य असं आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना लाभलं!

नंतर खासगी ब्लूलाइन बसच्या जीवघेण्या शर्यती सोसल्या आणि २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी मेट्रो सुरू झाली. कोकण रेल्वेवाले श्रीधरनच तिचे कर्ते. २०११ मध्ये विमानतळाची मेट्रो आली, २०१३ पासून विमानतळाजवळच्या एरोसिटीत एकेक हॉटेल उघडत गेलं. आज तिथली मुलं गार डब्यातून, इस्त्री न मोडता कामावर पोचतात. २०१९ मध्ये डीटीसीत बायकांचा प्रवास मोफत झाला. आमच्या घामेजलेल्या सदऱ्यांना हे स्वप्नातही सुचलं नसतं.

हेवा वाटतो, पण रात्री अकरा-साडेअकरापर्यंतच. त्या सुमारास मेट्रो निजते आणि लग्नाची पार्टी तर एकपर्यंत रंगते. आमच्या वेळी ड्यूटी संपली की हॉटेलची मेटॅडोर निघायची. खानसाम्यापासून कॅशियरपर्यंत सगळे त्यात, एकेकाला गल्लीच्या तोंडाशी सोडत. आता मुलींना कॅब मिळते. पुष्कळ मुलं मात्र पदरमोड करून बाइक-टॅक्सी बोलावतात, नाहीतर लॉकर रूममध्येच पाठ टेकतात.

पाहुण्यांची विमानं कधी उतरतात, हे पाहून मेट्रोची वेळापत्रकं आखली जात असतील. भांडी घासणारा कधी सुटतो, हेही प्रत्येक हॉटेलच्या ड्यूटी रजिस्टरात लिहिलेलं असतं. आखणाऱ्यांनी तेवढी एक वही मागवावी.