दोन पट्ट्या

लग्नांतील छायाचित्रें काढण्याचा धंदा आमच्या घरांत दोन पिढ्यांचा आहे. वडिलांनीं यवतमाळांत दुकान थाटलें, तेव्हां त्यांच्यापाशीं एक लाकडी कॅमेरा आणि एक रंगविलेला पडदा एवढेंच भांडवल होतें. पडद्यावर जिना, फुलदाणी आणि दूरवर एक तळें. आमच्या कापसाच्या मुलखांतील कितीतरी जोडपीं त्या तळ्याकांठीं श्वास रोखून उभीं राहून गेलीं. पुढें मंडळी दुकानांत येईनाशी झाली आणि आम्हीच त्यांच्या मांडवांत जाऊं लागलों. वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, कोठेंहि जा. तेथील एखाद्या बोहल्यासमोर मी केव्हांतरी उभा राहिलेलों आहें.

आतां मात्र त्या उभे राहण्यांत पूर्वीची प्रतिष्ठा उरलेली नाहीं. प्रत्येक पाहुण्याच्या खिशांत कॅमेरा आहे. मंगलाष्टकें सुरू झालीं कीं पन्नास हात वर होतात आणि मला वधूवरांऐवजीं पन्नास मोबाइलांच्या पाठी दिसतात. दुकानाचे हिशेब माझी कन्या ठेवते. एके दिवशीं वही मिटून ती म्हणाली, "बाबा, फोटो सगळेच काढतात. लोकांच्या हातांत कागद कोणी ठेवीत नाहीं. आपण फोटो-बूथ ठेवूं या."

कल्पना कांहीं नवी नव्हे. सैबेरियांत जन्मलेल्या अनातोल जोसेफो नांवाच्या गृहस्थानें १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर असें यंत्र मांडलें होतें. पंचवीस सेंट टाकावे, पडद्याआड बसावें, आणि सुमारें आठ मिनिटांत आठ छबींची पट्टी हातीं पडावी. पहिल्या सहा महिन्यांत अडीच लाखांहून अधिक लोक तेथें बसून गेले, आणि १९२७ सालीं त्यानें आपले हक्क दहा लाख डॉलरांना विकले. आंत छायाचित्रकार नाहीं, हेंच त्या यंत्राचें वैशिष्ट्य! हें वाचून मला राग आला, हें कबूल करतों. ज्या कामासाठीं आपण तीस-पस्तीस वर्षें उन्हांत तिष्ठलों, तें आपल्याला वगळल्यानेंच अधिक खपतें, हें कोणाला ऐकवेल?

आमचें यंत्र त्याहून पुष्कळच चपळ आहे. या प्रिंटरांत शाई नसते. रंगाच्या फितीला उष्णता मिळाली कीं पिवळा, किरमिजी आणि निळा हे रंग एकामागून एक कागदांत उतरतात, वर एक पारदर्शक लेप बसतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत कोरडी प्रत बाहेर पडते. चार इंच रुंद आणि सहा इंच लांब कागद मधोमध कापला जाऊन दोन सारख्या पट्ट्या होतात. एक पाहुण्यानें घरीं न्यावयाची. दुसरी यजमानांच्या वहींत चिकटवून तिच्याखालीं चार शब्द लिहावयाचे. नुसत्या प्रिंटरालाच पाऊण लाखाच्या घरांत रक्कम पडली, तीहि कर्जाची. शिवाय उष्णतेवर चालणारें हें नाजुक प्रकरण आमच्याकडील मे महिन्यांत, पारा पंचेचाळिसांच्या आसपास गेला असतां, कसें वागेल याची धास्ती निराळीच. धुळीचा कण आंत गेला तर पुढील प्रत्येक चेहऱ्यावर पांढरी रेघ उमटते.

हल्लीं हे बूथ बहुधा उघडेच असतात. दहाजण एकदम मावतात, बघ्यांची गर्दी जमते, आणि गर्दी पाहून पुढचें काम मिळतें. मीं मात्र धुळीच्या भीतीनें सुताराकडून तीन बाजूंनीं बंद अशी कोठडीच करून घेतली आणि पुढें जाड पडदा सोडला. आंत तीन माणसें कशींबशीं मावत. कन्येनें कपाळाला हात लावला.

पहिला प्रयोग मीं घरच्याच कार्यांत, २०२४ च्या मे महिन्यांत, पुतण्याच्या लग्नांत केला. फसला तर पैसे परत मागणारा तेथें कोणी नव्हता.

येथें आमच्या आत्याविषयीं सांगावयास हवें. १९७९ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, ती विधवा होऊन माहेरीं आली. तेव्हांपासून घरांतील एकहि कार्य तिच्या हातांवांचून पार पडलेलें नाहीं. साखरभात तिचा, रुखवतांतील नक्षीदार करंज्या तिच्या, कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. परंतु कुटुंबाचें छायाचित्र निघावयाच्या वेळीं ती नेमकी कोठींत असे. तिला 'येऊं नकोस' असें कोणी कधीं म्हटलें नाहीं. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांत असें कोणी म्हणतच नाहीं! 'ये' असें मात्र कोणी म्हणत नसे, आणि तेवढें पुरत असे.

१९९१ सालीं धाकट्या बहिणीच्या लग्नांतील छायाचित्र मीं स्वतःच काढलें. मामा, काका, व्याही, विहीणबाई, अगदीं गुरुजीसुद्धां, सर्वांना हांका मारमारून मीं ओळींत उभें केलें. त्या चित्राच्या डाव्या कडेला, मांडवाच्या खांबामागें, राखी रंगाच्या लुगड्याचा चार बोटें कांठ दिसतो. प्रत मोठी करतांना तो मला दिसला होता. चौकटींत नीट बसावें म्हणून मीं त्या बाजूनें थोडें कापलें. दिवाणखान्यांत टांगलेल्या चित्रांत तो कांठ नाहीं. निगेटिव्हवर अजून आहे.

पुतण्याच्या लग्नांत संध्याकाळच्या पंगती उठल्यावर दोघी नातींनीं तिला हाताला धरून कोठडीकडे ओढलें. "अगं, माझें तेथें काय काम?" ती म्हणत होती. परंतु पडद्याआड बोहलें नव्हतें, ओळ नव्हती, आणि कोणी कोठें उभें राहावें हें ठरविणारा मीहि नव्हतों. यंत्रानें तीन, दोन, एक असे अंक मोजले. आंतून हंसण्याचा आवाज आला. मुली आपली पट्टी घेऊन पळाल्या. मी आत्याची वाट पाहत बाहेर उभा होतों, तोंच अंक पुन्हां मोजले जाऊं लागले.

ती बाहेर आली, तेव्हां यंत्राच्या तोंडाशीं पडलेल्या दोन्ही पट्ट्या तिनें स्वतःच उचलल्या. पहिल्या चौकटींत ती समोरच्या पडद्यावरील स्वतःकडे नवल करून पाहत आहे. दुसरींत पदर सारखा करीत आहे. तिसरींत चष्मा काढलेला आहे. चौथींत ती सरळ समोर पाहते आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कोणाला कांहीं विचारीत नसल्यासारखी.

"किती रे पडतात याचे?" तिनें विचारलें.

"आत्या, तुझ्याकडून का पैसे घेऊं? पण एक पट्टी वहींत चिकटवायची असते."

तिनें दोन्ही पट्ट्या पोथीच्या पिशवींत ठेवल्या. "नको. नव्या नवरीची वही आहे ती. पहिलीच पानें. तेथें मी कशाला?"

'तेथें तूं हवीस' असें म्हणावयाचें वाक्य माझ्या ओठांवर होतें. १९९१ सालचें स्मरून तें मागें गेलें. जवळच उभ्या असलेल्या नव्या सुनेनें हें सर्व ऐकलें असावें.

त्या हंगामांत बूथची सात कामें मिळालीं. प्रिंटरानें उन्हाळा सोसला. एकदां फीत चिकटली, तेवढेंच. कोठडी मोडून उघडा बूथ करावा, असें कन्येचें अजूनहि म्हणणें आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे. मीं पडदा काढलेला नाहीं.

दिवाळींत पुतण्या सपत्नीक आला, तेव्हां वही सर्वांना दाखविण्यांत आली. दुसऱ्या पानावर, त्याच्या आईवडिलांच्या पट्टीशेजारीं, दोन इंच रुंद आणि सहा इंच लांब एवढी जागा पेन्सिलीनें आंखून मोकळी सोडलेली होती. आत्यानें ती जागा पाहिली, चष्मा पुसून पुन्हां पाहिली, आणि चकल्या जळतील म्हणून ती उठून आंत गेली.