पंचचूलीसमोरचे सहा दिवस

१९९८ च्या जानेवारीत मी मुनस्यारीला गेलो, तो हिमालयाच्या ओढीने नव्हे. माझा एक महाविद्यालयीन मित्र दर हिवाळ्यात कॅमेरा घेऊन कुमाऊँत जात असे आणि त्या वर्षी त्याच्या नेहमीच्या सोबत्याने ऐनवेळी नकार दिला होता. काठगोदामला रेल्वे संपते. पुढे डोंगरातून जीपचा दोन दिवसांचा प्रवास. सोबत मी परीक्षणासाठी आलेली पाच पुस्तके घेतली होती. आठवड्याला एक पुस्तक हातावेगळे करण्याचा माझा तेव्हा लौकिक होता, आणि तो मला आवडतही असे.

मुनस्यारी सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. समोर गोरीगंगेच्या खोऱ्यापलीकडे पंचचूलीची पाच शिखरे; त्यांतले सर्वोच्च ६,९०४ मीटरचे. स्वर्गारोहणापूर्वी पांडवांचा अखेरचा स्वयंपाक या पाच चुलींवर झाला, असे तिकडे सांगतात. आपल्या स्वयंपाकघरातला शब्द इतक्या दूर बर्फात भेटावा याचे मला शिखरांहूनही अप्रूप वाटले. भाषेच्या माणसाची ही खोड जात नाही.

शिखरे मात्र दिसतच नव्हती. पाच दिवस ढग आणि मधूनमधून हिमवृष्टी. मी शेगडीजवळ बसून पुस्तके संपवीत होतो; मित्र रोज दुपारी गुडघाभर बर्फातून वरच्या उतारावर जाई, तिकाटणे रोवून उभा राही आणि अंधार पडल्यावर एकही चित्र न घेता परत येई. पंचचूली गावाच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीमागून उगवतो, त्यामुळे तिच्यावर खरा प्रकाश पडतो तो मावळतीचा, हे त्याने पहिल्या दोन हिवाळ्यांत पहाटे कुडकुडून शिकून घेतले होते. विद्युतघट तो सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवी, कारण थंडीत त्यांची शक्ती ओसरते. फिल्म हलक्या हाताने पुढे सरकवी. गारठ्याने ती ठिसूळ होऊन तुटते. घरात येण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बांधून तासभर तसाच ठेवी, नाहीतर उबेत भिंगावर दव धरते. या सगळ्याला तो साधना वगैरे म्हणत नसे. 'छायाचित्र' या शब्दावर मात्र त्याचा राग होता. “अरे, छाया कसली? प्रकाशाचं चित्र म्हण,” तो म्हणे.

त्याचे दैवत होते व्हित्तोरिओ सेल्ला. उत्तर इटलीतल्या एका लोकर-व्यावसायिक घराण्यातला हा माणूस १८८२ साली मॅटरहॉर्नच्या पहिल्या हिवाळी चढाईत होता. तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या काचा घेऊन तो आल्प्सवर चढे. १८९९ साली त्याने कांचनजंगाची प्रदक्षिणा केली, १९०९ साली के-टूची चित्रे घेतली आणि शहात्तराव्या वर्षी पुन्हा मॅटरहॉर्नवर चढू लागला. वाटाड्याला दुखापत झाली म्हणून मागे फिरला. “एका काचेला एकच संधी,” मित्र म्हणाला, “मग माणूस आधी बघायला शिकतो.”

पाचव्या रात्री त्याने आपल्या पहिल्या हिवाळ्यातल्या पारदर्शिका दाखवल्या. सगळा बर्फ राखेच्या रंगाचा! ढगाळ असेल, मी म्हणालो. “लख्ख ऊन होतं. मी मापकावर विश्वास ठेवला. प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजतो. पांढऱ्याशुभ्र बर्फालाही तो करड्याच्या पट्टीवर आणून बसवतो. त्याचं ऐकलंस तर बर्फ मळका येणारच. दीड-दोन टप्पे जास्त प्रकाश आपण द्यायचा.”

मी ते तांत्रिक माहिती म्हणून ऐकले आणि निजलो. झोप मात्र लागली नाही. १९९१ साली एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहावर मी लिहिले होते. दुष्काळी तालुक्यातल्या त्या कविता मी एका संध्याकाळी वाचल्या आणि दुसऱ्या सकाळी लेख टपालात टाकला. ‘सपाट’ हा त्यातला माझा शब्द पुढे दोघातिघांनी उचलला. त्याचा दुसरा संग्रह आला नाही. हे मला त्या रात्रीपूर्वीही ठाऊक होते.

सहाव्या दिवशी मीही वर गेलो. साडेचारच्या सुमारास ढग वर उचलले गेले आणि पाचही शिखरे एकदम समोर आली. “घे, घे!” मी ओरडलो. तो हलला नाही. शिखरे सोनेरी झाली, मग तांबूस. त्याचा हात खिशातच. उजेड खालून वर सरकत गेला, एकेक चूल विझत गेली. सर्वांत उंच टोकावर तेवढा निखारा उरला, तेव्हा त्याने दोन चित्रे घेतली आणि तिकाटणे मिटवले. उतरताना आम्ही बोललो नाही. त्यातले एक चित्र माझ्या अभ्यासिकेत आहे. येणारे विचारतात, बाकीची चार काळोखात का?

पुण्याला परतल्यावर तो संग्रह शोधला. परीक्षणाच्या प्रती मी एका वाचनालयाला देऊन टाकीत असे. तेथून आणला, तर तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. या वेळी महिनाभर वाचला. टँकरपुढे रांगेतल्या घागरी मोजणाऱ्या बाईच्या कवितेत विशेषण एकही नाही. तिच्याजवळ विशेषणांना पुरेल एवढे पाणीच नाही. मी ज्याला सपाट म्हटले होते, तो आवरून धरलेला आवाज होता. सगळ्याच कविता अशा नव्हत्या. काही खरोखर कच्च्या होत्या, हेही सांगितले पाहिजे.

प्रकाशकाकडून पत्ता मिळवून मी कवीला सविस्तर पत्र लिहिले. चार महिन्यांनी कार्ड आले. “आदरणीय सर, आपले परीक्षण योग्यच आहे असे समजून मी लिहिणे थांबवले होते. सध्या शाळेत गणित शिकवतो. आपली प्रकृती ठीक असावी.” कार्ड त्याच संग्रहात, त्या घागरींच्या पानावर ठेवले आहे. पुस्तक मी वाचनालयाला अजून परत केलेले नाही.