दुसरी वाट



गेल्या वर्षी मी ओमानला, मस्कतजवळ बौशरमध्ये मुलाकडे होतो. तिकडे ठाण्याला अक्काचे ऑपरेशन होते. आत नेण्यापूर्वी ती व्हिडिओवर आली. "घाबरू नकोस रे..." एवढे बोलली आणि चित्र गोठले! राउटरचा दिवा मात्र हिरवागार. बंद-चालू करीपर्यंत तिला आत नेले होते. सर्व नीट पार पडले, पण ते दोन तास मी कसे काढले, मलाच ठाऊक.

मग मुलाने दुसरी लाईन घेतली. पहिली फायबरची, म्हणून दुसरी मोबाईलच्या सिमची. एकाच विहिरीवर दोन रहाट बसवून काय उपयोग? विहीर आटली की दोन्ही कोरडे.

आता राउटर दर काही सेकंदांनी दूरच्या दोन पत्त्यांना हाक मारतो. कोणीच ओ दिली नाही, की सिमवर जातो. हाक दूरच मारायची. घरातला मोडेम ओ देतो म्हणजे बाहेरचा रस्ता चालू आहे असे नव्हे. तो हिरवा दिवा असाच फसवा होता. वीज गेली तर दोन्ही लाईनी बंद, म्हणून बॅटरीही लावली. जून २००७ च्या गोनू वादळात मस्कतमध्ये वीज, पाणी, फोन सगळेच कोलमडले होते.

मुलांनो, नुसते बसवून भागत नाही, करून बघावे लागते. अक्काशी बोलतानाच मी फायबरची वायर काढली. चित्र थांबले. मी आकडे मोजू लागलो. थोड्या वेळाने आवाज आला, "कुठे गेला होतास रे?"

म्हटले, "दुसऱ्या वाटेने आलो, अक्का."