शेपटीवरची नजर

आमच्या जानेफळात हेलिकॉप्टर उतरतं ते निवडणुकीच्या हंगामात, नाहीतर एखाद्या हौशी घरानं नवरीच्या पाठवणीसाठी भाड्यानं आणलं तर. सोयाबीन निघालेलं एखादं सपाट वावर हेरतात, टँकरनं पाणी मारून धूळ दाबतात, फक्कीनं गोल आखून मधे इंग्रजी एच काढतात, चारी बाजूंनी बल्ल्या बांधतात. मग गाव लोटतं. म्हातारी माणसं पुढाऱ्याला शोधतात, पोरं मोबाइल उंच धरून वरच्या मोठ्या पंख्याचं शूटिंग करतात. मी मागचा छोटा पंखा बघत उभा राहतो. माझी उमेदीची वर्षं वायुदलात चेतक हेलिकॉप्टरवर एअरफ्रेम फिटर म्हणून गेली, त्यातली बरीचशी हैदराबादजवळ हकीमपेटला, जिथं वायुदलाचे नवे पायलट हेलिकॉप्टर शिकतात. त्यामुळं यंत्रानं जमीन सोडली की नजर शेपटीवर जाते आणि ते वेग घेऊन पुढं निघेपर्यंत तिथून हलत नाही.

"काका, तो मांगचा पंखा हेलिकॉप्टरले पुढं ढकलत असंन न?" असं एकदा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या पोरानं विचारलं. त्याला समजावणं सोपं होतं, कारण हातात ड्रिल मशीन होतं. जाड पट्टीत बिट अडकला की मशीनच उलटं फिरून मनगट पिरगाळतं, हे त्याला सांगावं लागत नाही. इंजिन वरचा पंखा ज्या जोरानं फिरवतं, तेवढाच पीळ खालच्या धडाला उलट्या दिशेनं बसतो. ते धड सरळ धरून ठेवणं हे मागच्या पंख्याचं काम. पायलट पायाखालच्या दोन पेडलांनी त्याच्या पात्यांचा कोन कमीजास्त करतो. चेतक मूळची फ्रेंच. तिचा वरचा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून ताकद वाढवली की नाक डावीकडं पळतं आणि उजवा पाय द्यावा लागतो. लग्नसराईत दिसणारी रॉबिन्सन किंवा बेल अमेरिकन, त्यांचं सगळं उलटं. इगॉर सिकोर्स्कीनं 1939 साली व्हीएस-300 जमिनीवरून उचललं तेव्हापासून बहुतेक हेलिकॉप्टरं वर मोठा नि मागं छोटा पंखा याच मांडणीवर चालत आलीत. आपल्या नौदलाच्या रशियन कामोव्हला मागचा पंखा नाही. तिथं एकावर एक दोन मोठे पंखे उलटसुलट फिरून एकमेकांचा पीळ मारतात. पण ते यंत्र गुंतागुंतीचं आणि महाग, लग्नाच्या भाड्यात बसणारं नव्हे.

मागच्या पंख्याची खरी कसोटी लागते ती उड्डाणाच्या वेळी. इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीवर असतं, म्हणजे पीळ सगळ्यात जास्त. पुढचा वेग नसतो, त्यामुळं शेपटीवरचा उभा पडदा, जो वेगात असताना बरंच काम आपल्या अंगावर घेतो, तो इथं रिकामा उभा. आणि उंची नसते. आकाशात वेगात असताना पेडल अडकलं, तर पायलट तसंच उडत धावपट्टीपर्यंत जाऊन विमानासारखं घसरत उतरू शकतो. असे उतरलेले लोक मी पाहिलेत. गांजलेल्या चेहऱ्यानं उतरतात, पण आपल्या पायांनी चालत येतात.

जमिनीपासून हातभर वर असताना शेपटीचा शाफ्ट तुटला, तरी उपाय आहे. थ्रॉटल बंद करायचं. ताकद गेली की पीळ गेला, फिरणं मंदावतं आणि यंत्र आदळत का होईना खाली बसतं. रॉबिन्सनमध्ये थ्रॉटल डाव्या हातातल्या, यंत्र वर-खाली करणाऱ्या दांड्यावरच, म्हणजे कलेक्टिव्हवर, मोटरसायकलच्या मुठीगत असतं, त्यामुळं वेळ वाचतो. अडचण आहे ती शंभर-दीडशे फुटांवर. थ्रॉटल बंद केलं तर यंत्र खाली येणार, नाही केलं तर गरगरत राहणार. त्यात माणसाचा हात. खाली चाललोय असं वाटलं की हात कलेक्टिव्ह वर ओढतो, ताकद वाढते, पीळ वाढतो, फिरणं वाढतं. हकीमपेटचे इन्स्ट्रक्टर या एका सवयीसाठी शिकाऊ पायलटांच्या मागं लागायचे आणि मला ते योग्यच वाटायचं.

काही वेळा तर काहीच तुटलेलं नसतं. वारा मागून किंवा नको त्या बाजूनं येतो, मागच्या पंख्याला घाण हवा मिळते, आणि पेडल असूनही नाक फिरायला लागतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं 1995 साली यावर खास परिपत्रक काढलं. रॉबिन्सन कंपनीची 42 क्रमांकाची सेफ्टी नोटीसही याच विषयावर आहे. बेल-रॉबिन्सनला डावीकडून येणारा वारा त्रास देतो, चेतकला उजवीकडून. पाठीमागचा कोणालाच सोसत नाही. पायलटानं लगेच आणि पूर्ण पेडल दिलं, ताकद थोडी कमी केली, नाक पुढं घालून वेग घेतला तर सुटका होते. अर्धवट पाय देऊन 'बघू थांबतंय का' म्हणणाऱ्याची होत नाही.

आता हे आमच्या भागात आणून बघा. आम्ही घाटावरचे. गावाची उंची 500 मीटर धरली आणि मे महिन्याची दुपार 43 अंशांची, तर हवा अशी विरळ होते की यंत्राला आपण 1600 मीटरवर असल्यासारखं वाटतं. वरच्या पंख्याला तेवढंच वजन उचलायला जास्त कोन लागतो, इंजिनाची दमछाक होते, मागच्या पंख्याचंही तेच. पेडल टोकाशी लवकर जातं. त्यात वावराच्या एका कडेला निंबाची रांग, दुसऱ्या कडेला विजेच्या तारा, तिसरीकडं मांडव. मग पायलटाला वाऱ्याकडं तोंड करून निघण्याऐवजी जिकडं मोकळं दिसेल तिकडं निघावं लागतं. शिवाय साहेबांना गर्दीला हात करायचा असतो, म्हणून जमिनीलगत तरंगत यंत्र सावकाश फिरवायचं. हा प्रकार मला बिलकूल आवडत नाही. 25 मे 2017 ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडता उडता तारांत अडकून खाली आलं. सगळे वाचले. ते मोठं, दोन इंजिनांचं यंत्र होतं आणि प्रश्न शेपटीचा नव्हता. पण मे महिना, गावातली जागा आणि तारा हे तिन्ही तिथं होतेच.

आमच्या कामाचा भाग उड्डाणाच्या आधीचा. शेपटीच्या लांब नळीवरून जाणारा शाफ्ट, त्याची बेअरिंगं, टोकाचा गिअरबॉक्स, पात्यांचा कोन बदलणाऱ्या लिंका. पातं हातात धरून हलकेच हलवायचं, किती खेळ आहे ते बोटांना कळतं. नखानं पात्याची पुढची कड चाचपायची, खड्यानं पडलेली खाच डोळ्याआधी नखाला लागते. यंत्र बंद झाल्यावर गिअरबॉक्सवर तळवा ठेवायचा. रोजच्यापेक्षा गरम लागला तर कव्हर उघडल्याशिवाय घरी जायचं नाही. रॉबिन्सनमध्ये यासाठी तापमानानं रंग बदलणारी पट्टीच चिकटवलेली असते. सोय चांगली, पण तळव्याची सवय मी सोडली नसती. प्रत्येक कसलेल्या नटावर नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाणारी रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट हलला. आणि कंट्रोलमधलं काहीही उघडलं-जोडलं की दुसऱ्या माणसानं ते स्वतंत्रपणे तपासून सही करायची. पहिला कितीही जुना-जाणता असो. नव्या पोरांना यात अपमान वाटतो. मला त्या दुसऱ्या सहीमुळं रात्री झोप लागायची.

हातानं सगळं कळतं असा दावा मात्र करणार नाही. इंग्लंडात लेस्टरला 27 ऑक्टोबर 2018 च्या रात्री फुटबॉल मैदानातून उडालेलं एडब्ल्यू-169 काही क्षणांत गरगरत खाली आलं. क्लबच्या मालकासह पाच जण गेले. तपासात निघालं ते असं: मागच्या पंख्याचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेतलं एक बेअरिंग आतल्या आत जाम झालं, त्यामुळं जो दांडा फिरायला नको तो फिरायला लागला, जोडणी सुटली आणि पेडलचा पात्यांशी संबंध संपला. ते बेअरिंग रोजच्या तपासणीत दिसण्यासारखं नव्हतं. पायलटच्या हातात काही उरलं नव्हतं. अशा बेअरिंगला किती तासांनी बाहेर काढायचं हे कारखान्यानं ठरवायचं असतं, आणि त्याचा शोध माणसं गेल्यावर लागला.

गावातली पोरं मला लेस्टरबद्दल विचारत नाहीत, फुलसावंगीबद्दल विचारतात. वाशिम ओलांडून पुसदच्या पलीकडं, यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं हे गाव. तिथल्या एका तरुण वेल्डरनं, आठवीपर्यंत शिकलेल्या, मारुती 800 चं इंजिन बसवून एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवलं होतं. दोनेक वर्षं खपला होता. ऑगस्ट 2021 मध्ये रात्री जमिनीवरच चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, वरच्या पंख्यावर आदळला, वरचं पातं केबिनमध्ये आलं आणि पोरगा गेला.

त्याला वेडा म्हणणारे लोक भेटतात, त्यांच्याशी मी बोलत नाही. ज्याला पत्रा आणि पाइप एवढ्या निगुतीनं जोडता येतो त्याचा हात चांगला होता. पण मागच्या पंख्याचा हिशेब निराळा आहे. समजा एक किलोचं पातं आहे, त्याचं वजन मधल्या दांड्यापासून 60 सेंटिमीटरवर केंद्रित आहे, आणि ते मिनिटाला 2000 फेरे घेतंय. हिशेब केला तर पात्याच्या मुळाशी असलेल्या बोल्टवर अडीच टनांहून जास्त ओढ येते. बाजारातला बोल्ट आणि हातानं मारलेला वेल्ड वरून कितीही सुबक दिसला, तरी आत बारीक चीर आहे का हे डोळ्याला कळत नाही. म्हणून विमानाच्या भागांना रंगद्रव्य, चुंबक, एक्स-रे लावून बघतात. आणि पहिल्यांदा फिरवताना आत माणूस बसवत नाहीत, लांबून फिरवतात, मधे भिंत घालतात. त्या पोराला हे सांगणारा कोणी जवळ नव्हता. पन्नास किलोमीटरवर एखादा निवृत्त फिटर असता आणि याला ठाऊक असता, तर इतकंच सांगितलं असतं.

म्हणून आता इथं कोणी ड्रोन, पॅरामोटर किंवा आणखी काही बनवत असल्याचं कानावर आलं की मी जातो. थांबवायला नाही, बोल्ट बघायला.

आणि निवडणुका आल्या की गावकऱ्यांसाठीही चार गोष्टी. मांडवाचं कापड, फ्लेक्स, प्लास्टिकच्या पिशव्या हेलिपॅडपासून लांब बांधा, पंख्याच्या वाऱ्यानं उडालेलं फडकं मागच्या पंख्यात गेलं तर उड्डाणालाच घात होतो. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका, आणि जायचंच झालं तर पायलटानं खूण केल्यावर, त्याला दिसेल अशा बाजूनं, समोरून. फिरता मागचा पंखा डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. केदारनाथला एप्रिल 2023 मध्ये हेलिकॉप्टर सेवेचाच एक जबाबदार अधिकारी त्याच्या तडाख्यात गेला, मग आपली काय कथा. लहान पोरांचा हात धरून ठेवा. फोटो समोरूनही चांगला येतो.